फिडल नाही, व्हिसल नाही, मग हा अल्बम आयरिश कसा?

नाशिकच्या एका गिटारिस्टने विचारलंय, थोडक्यात असं: "दादा, आयरिश फोक मेटल, म्हणजे लोकसंगीत मिसळलेलं मेटल, ऐकायचं म्हणून एकाने प्रायमॉर्डियल या बँडचा 'द गॅदरिंग विल्डरनेस' ऐक म्हणून सांगितलं. अल्बम अंगावर येतो, रडवतो, सगळं मान्य, पण यात फिडल (व्हायोलिन) नाही, टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) नाही, मग आयरिश नक्की कुठंय? आणि आम्हाला बहात्तरच्या दुष्काळावर असंच एक मोठं गाणं करायचंय, सुरुवातीला बासरी आणि शेवटी संबळ टाकायचा प्लॅन आहे, चालेल का?"

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, बासरी आणि संबळ सध्या बाजूला ठेवा, नंतर गरज लागलीच तर बघू. का ते सांगायला जरा पाल्हाळ लावावा लागेल. मी बरीच वर्षं पुण्यात बँड रेकॉर्ड करतोय, स्वतः गिटार वाजवतो, आणि "आपल्या मातीतलं मेटल करायचंय" म्हणून आलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या सेशनमध्ये शेवटी एक ढोल-ताशाचं सॅम्पल असतंच, ते ट्रॅकच्या वर तरंगत राहतं, आत मुरत नाही. हा अल्बम त्याच्या बरोबर उलट्या दिशेने गेलाय, म्हणून त्यावर लिहायला मला आवडेल.

आधी बँडचं थोडं. प्रायमॉर्डियल स्केरीजचे, डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव आहे ते. १९८७ ला सुरू झाले, गायक ॲलन ॲव्हेरिल १९९१ ला आला, पहिला अल्बम 'इमरामा' १९९५ चा, तो बऱ्यापैकी ब्लॅक मेटल, म्हणजे घासलेल्या किंकाळ्यांचं, अंधारं मेटल. 'द गॅदरिंग विल्डरनेस' २००५ चा, त्यांचा पाचवा अल्बम आणि मेटल ब्लेड या लेबलवरचा पहिला, सात गाणी, जवळपास तासभर. प्रोड्युसर बिली अँडरसन, अमेरिकन माणूस, न्यूरोसिस आणि स्लीपसारख्या जड, संथ बँड्सबरोबर काम केलेला. हे नाव लक्षात ठेव, साउंडकडे येऊ तेव्हा लागेल.

आता फोक मेटल म्हटलं की आपल्या डोक्यात जे चित्र येतं ते दुसऱ्याच लोकांनी तयार केलंय. इंग्लंडच्या स्कायक्लॅडने नव्वदीच्या सुरुवातीला थ्रॅशमध्ये, म्हणजे वेगवान मेटलमध्ये, फिडल घातलं, डब्लिनच्याच क्रूअखनने १९९५ ला 'तुआथा ना गेल' काढला त्यात व्हिसल वगैरे सगळा आयरिश सरंजाम होता. मला क्रूअखन आवडतात, भांडण नाही. पण त्या पद्धतीत एक अडचण कायम राहते, फोक वाद्य थांबलं की मागे उरतं ते साधं मेटल, आणि मेटल थांबलं की साधं फोक. दोन ट्रॅक म्यूट करून बघितलं की सांधा दिसतो. प्रायमॉर्डियलच्या या अल्बममध्ये म्यूट करायला काही वेगळं असं ठेवलेलंच नाही. दोन गिटार, बास, ड्रम्स, गळा, बस. जे काही आयरिश आहे ते तालात, ड्रोनमध्ये (मागे सतत वाजत राहणारा एकच सूर) आणि गळ्यात आहे, आणि एक गोष्ट विषयात आहे जी मी शेवटी घेतो कारण तुमच्या गाण्याचा संबंध तिथेच आहे.

ताल. आयरिश नाचाच्या चालींमध्ये जिग असते सहा-आठची, स्लिप जिग नऊ-आठची, रील चार-चारची. मेटलवाल्यांचा हात चार-चारवर बसलेला असतो, पण प्रायमॉर्डियलची बरीच गाणी सहा-आठ नाहीतर बारा-आठच्या अंगाने झुलतात, आणि ती जिगच्या वेगात नसून खूप संथ असतात, म्हणजे नाचाचा सांगाडा घेऊन त्याला अंत्ययात्रेच्या चालीने चालवायचं. ऐकणाऱ्याला कळत नाही काय होतंय पण अंग पुढेमागे व्हायला लागतं. तुम्हाला दादरा माहिती आहे, सहा मात्रा, तीन-तीन, तर मोजायला काही अवघड नाही. अवघड आहे तो उजवा हात.

इथे जरा थांब, कारण माझ्याकडे येणारे ऐंशी टक्के गिटारिस्ट इथेच घसरतात. मेटलवाला सवयीने आल्टरनेट पिकिंग करतो, खाली-वर-खाली-वर-खाली-वर. सहा-आठमध्ये असं केलंस तर पहिली मात्रा खाली येते आणि चौथी मात्रा, जिच्यावर दुसरं वजन पाहिजे, ती वरच्या स्ट्रोकवर जाते. वरचा स्ट्रोक कितीही जोरात मारला तरी त्यात हाताचं वजन उतरत नाही, त्यामुळे झुला लंगडतो आणि मग लोक म्हणतात फील येत नाहीये, प्लगइन बदलू का. आयरिश बँजो आणि मँडोलिनवाले जिग वाजवताना खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असं करतात, म्हणजे तिसरी आणि चौथी दोन्ही खाली. पहिल्यांदा करशील तेव्हा तिसरीवरून चौथीवर येताना मनगट अडखळेल, हात परत वर न्यायला वेळच मिळत नाही असं वाटेल, तर मेट्रोनोम अगदी खाली आण आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका घरघरीत आवाज, बंद करून वाजव. क्लीनमध्ये झुला आला की मग गेन, म्हणजे डिस्टॉर्शन, चालू कर. सुरुवातच गेनवर केली तर सगळे दोष त्या घरघरीत झाकले जातात आणि रेकॉर्डिंगला बाहेर येतात.

ड्रम्सचंही तेच. सायमन ओ'लीरी हा त्यांचा ड्रमर, ब्लास्टबीट (अतिवेगवान सलग ठोके) मारू शकणारा माणूस, पण या अल्बमवर त्याची खरी कमाल टॉम्सवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या घुमणाऱ्या ड्रम्सवर आहे, गोलगोल फिरणारे, लाटांसारखे येणारे टॉम्स, स्नेअर बऱ्याचदा मागे. यात बोध्रानची आठवण येते, ते हातात धरून काठीने वाजवायचं आयरिश चामड्याचं वाद्य. गंमत म्हणजे बोध्रान आज सगळीकडे दिसत असलं तरी बैठकीच्या वाद्यवृंदात त्याला मानाची जागा मिळाली ती १९६० च्या दशकात शॉन ओ रियाडाच्या कोलतोरी खुलनमुळे, त्याआधी ते बरंचसं सणावाराचं, मिरवणुकीचं वाद्य होतं. तेव्हा "परंपरा" म्हणून जे घेतो ते किती जुनं आहे हे एकदा तपासून घ्यावं, आपल्याकडेही. तुमच्या ड्रमरला एकच सांग, स्नेअर दोन आणि चारवर मारायची सवय सोड, फ्लोअर टॉम आणि किक मिळून एक आवर्तन बसव आणि स्नेअर फक्त आवर्तन फिरताना.

आता ड्रोन, हा माझा आवडता भाग. आयरिश इलिअन पाइप्समध्ये, म्हणजे कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायच्या पाइप्समध्ये, तीन ड्रोन असतात, तिन्ही एकाच सुराचे तीन सप्तकांत, आणि चाल त्याच्यावर फिरते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे शिकवावं लागत नाही. मेटल गिटारला हा ड्रोन आणायचा तर ओपन तारा वाजत ठेवायच्या. साधा मेटल रिफ (परत परत येणारी गिटारची चाल) पाम म्यूटने, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून, तुकडे तुकडे करतो, इथे उलट, तारा मोकळ्या सोडायच्या आणि त्यांच्यात एकच बोट फिरवायचं.

करून बघायला डॅडगॅड ट्युनिंग लाव. सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी, बाकी तीन तशाच. हे ट्युनिंग लोकप्रिय केलं डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारिस्टने साठच्या दशकात, मोरोक्कोत औद हे अरबी तंतुवाद्य ऐकून आल्यावर, आणि मग बॉथी बँडच्या मिहॉल ओ डोनल वगैरे लोकांनी ते आयरिश चालींच्या साथीला असं रुजवलं की आज ते तिथलंच वाटतं. त्यात मोकळ्या तारा छेडल्या की डी, ए आणि जी एवढेच सूर येतात, गंधार नाही. मेजर की मायनर ते ठरलेलंच नसतं, चाल ठरवते. तारांचा दहा-सेहेचाळीसचा सेट (तारांची जाडी) असेल तर खालची डी ढिली पडेल, दहा-बावन्न घे.

गंधार नसण्याचा डिस्टॉर्शनशी थेट संबंध आहे, आणि हे पोरांना कुणी सांगत नाही. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा-प असेल तर वजाबाकीचा सूर येतो खालचा सा, म्हणजे कॉर्ड अजून भरीव होते, पॉवर कॉर्ड म्हणूनच चालते. सा आणि ग एकत्र गेले की, त्यातही आपल्या फ्रेटचे सूर शुद्ध प्रमाणात नसल्यामुळे, ते नवे सूर मूळ सुरांशी जुळत नाहीत आणि गदळ होते. ड्रोनचं सगळं काम सा आणि प वरच चालतं, त्यामुळे हाय गेनमध्येही ते स्वच्छ ऐकू येतं. पाइप्सची कल्पना आणि मार्शल ॲम्प एकमेकांना इतके छान मिळतात त्यामागे हे साधं फिजिक्स आहे, केल्टिक रक्त वगैरे नाही.

एक प्रयोग देतो, आज रात्रीच कर. एक गिटार फक्त मोकळ्या डी आणि ए तारा सहा-आठमध्ये वाजवत ठेवेल, काहीही बदलायचं नाही, मोह झाला तरी नाही. बास मात्र चार आवर्तनांत डी, मग सी, मग बी फ्लॅट, मग जी असा उतरेल. गिटारमधला तोच डी बघ काय होतो, पहिल्यांदा घरचा सा, सी वर आल्यावर तो जरा बाहेरचा, ताणलेला वाटतो, बी फ्लॅटवर एकदम मेजर कॉर्डचा गंधार होऊन उजेड पडल्यासारखा होतो आणि जी वर परत पंचम होऊन शांत बसतो. गिटारिस्टने काहीही केलेलं नाही. सा च्या कॉर्डवरून एक सूर खालच्या कॉर्डवर जाऊन परत यायचं, हा डी-सी-डी चा खेळ आयरिश आणि स्कॉटिश चालींत जागोजागी आहे, त्यामुळे नुसता एवढा भाग केला तरी त्या प्रदेशाचा वास यायला लागतो. ढोबळ मानाने आपल्या काफी, खमाज, आसावरी थाटांचेच सूर त्या चालींत फिरतात, तेव्हा कान परका नाही तुमचा. फक्त मेटलवाल्यांना कोमल रिषभ लावायची खोड असते ना, अंधार दाखवायला, ती इथे आवर. इथली उदासी शुद्ध रिषभाची आहे.

एपिक भाग कुठून आला विचारशील तर तो आयरिश नाही, स्वीडिश आहे. बाथोरीचा १९९० चा 'हॅमरहार्ट', क्वॉर्थन नावाच्या एकाच माणसाचं डोकं, संथ, प्रचंड, मागे कोरस, व्हायकिंग लोकांच्या गौरवगाथा. प्रायमॉर्डियलने तो आकार उचलला हे कान सांगतात. पण क्वॉर्थनची माणसं जिंकायला निघालेली आहेत आणि ॲव्हेरिलची माणसं हरून झालेली आहेत, तेवढ्या फरकाने तोच आकार वेगळा वाटतो. आणि गिटारची जी जोडचाल ऐकू येते तिचं घराणं डब्लिनमध्येच आहे, थिन लिझीचा १९७६ चा 'एमराल्ड' ऐक, त्याआधी हॉर्सलिप्सचा 'डीअर्ग डूम', ज्याचा रिफ 'ओ'नील्स मार्च' या जुन्या चालीवरून घेतलाय. म्हणजे फिडलची चाल गिटारवर आणायचा उद्योग तिथे १९७३ पासून चालू आहे, मेटलवाल्यांनी शोध लावलेला नाही.

गळा. ॲव्हेरिल स्टेजवर नेमथेंगा या नावाने येतो, चेहरा पांढरा रंगवलेला, बऱ्याचदा गळ्यात फास. दिसायला ब्लॅक मेटल, पण जुना घासलेला आवाज या अल्बमवर कमी आहे, तो बराच वेळ सरळ, मोठ्याने, फाटायच्या बेतात गातो. काही लोकांना तो बेसूर वाटतो आणि काही ठिकाणी तो आहेही थोडा, मला फरक पडत नाही. मला जास्त रस आहे त्याची ओळ कुठे पडते त्यात. तो बारच्या पहिल्या मात्रेवर ओळ सुरू करत नाही, जरा उशिरा येतो आणि ओळ पुढच्या बारमध्ये सांडते. आयरिश भाषेत शान-नोस म्हणून गायकी आहे, बिनसाथीची, मुक्त लयीची, शब्दांच्या ओघाने चालणारी, तिच्यात हेच असतं. आणि अजून जुनं बघायचं तर कीनिंग, मयताजवळ बायकांनी करायचा विलाप. त्याला रीत होती, मेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं कूळ, त्याचे गुण सांगत, मधेच शब्द सुटून नुसता आक्रोश. चर्चला ते कधीच पटलं नाही आणि विसाव्या शतकात येता येता ते जवळपास संपलं. ॲव्हेरिल कीनिंग करतो असं मी म्हणत नाही, तो मेटल गायक आहे. पण ओळ बोलता बोलता तुटते आणि आरोळी होते ती जागा ऐक, ती हार्डकोर किंकाळीसारखी ठेक्यावर बसलेली नाही.

आता 'द कॉफिन शिप्स'. पाचवं गाणं, जवळपास दहा मिनिटांचं, बहुतेक लोकांना हा अल्बम याच गाण्यामुळे माहिती असतो, आणि विषय आहे आयर्लंडचा महादुष्काळ. इथे इतिहास माहीत नसेल तर गाणं अर्धंच पोचतं म्हणून सांगतो.

१८४५ ला बटाट्यावर करपा आला, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, आपल्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांना आजही छळतो तोच. गरीब आयरिश माणूस जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होता, त्यातही बहुतेक लंपर नावाच्या एकाच जातीवर, कारण कमी जमिनीत जास्त निघायचा. एकच जात असल्यामुळे रोग आला तो सरसकट आला, पुढची काही वर्षं परत परत आला. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ ला साडेपासष्ट लाख. साधारण दहा लाख माणसं भुकेने आणि त्यामागून आलेल्या तापांनी मेली, तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. आणि हे चालू असताना त्याच बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती.

देश सोडणारे ज्या जहाजांतून गेले आणि वाटेत मेले त्यांनाच कॉफिन शिप्स, म्हणजे शवपेटी-जहाजं, म्हणतात. ही जहाजं मुळात माणसांसाठी नव्हती. कॅनडातून ब्रिटनला इमारती लाकूड यायचं, परत जाताना जहाज रिकामं न्यायचं त्यापेक्षा खाली फळ्या ठोकून माणसं भरायची, भाडं स्वस्त. दीड-दोन महिने समुद्रात, पाणी कमी, आणि टायफस. १८४७ मध्ये एक लाखाच्या आसपास लोक कॅनडाकडे निघाले. क्वेबेकजवळ ग्रोस इल नावाचं बेट आहे, तिथे जहाजं क्वारंटाइनला थांबवायचे, त्या एका वर्षात तिथे पाच हजारांहून जास्त माणसं पुरली. मेयो परगण्यात मरिस्कला क्रोक पॅट्रिकच्या पायथ्याशी १९९७ चं एक राष्ट्रीय स्मारक आहे, जॉन बेहानने केलेलं, ब्राँझचं जहाज आणि त्याच्या दोरखंडांच्या जागी हाडांचे सापळे. गाणं ऐकायच्या आधी त्याचा फोटो बघ, ॲव्हेरिलने कव्हरवर रक्तबिक्त न दाखवताही काय केलंय ते कळेल.

आणि आता ती विषयातली गोष्ट जी मी राखून ठेवली होती. जॉर्ज पेट्री नावाचा एक संग्राहक होता, आयुष्यभर आयरिश चाली टिपून ठेवणारा. १८५५ ला त्याचा संग्रह निघाला, त्याच्या प्रस्तावनेत तो लिहितो की दुष्काळानंतर देश गप्प झालाय, पूर्वी शेतात, वाटेवर जी गाणी कानावर पडायची ती थांबली आहेत. म्हणजे मेली ती नुसती माणसं नाहीत, ज्या पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गावांत या चाली होत्या ती गावंच रिकामी झाली. मग त्या दुष्काळावर मेटल गाणं करताना त्यात गोड व्हिसल वाजवायची का? माझं स्पष्ट मत, नाही. त्या गाण्यात फोक वाद्य नसणं मला बरोबर वाटतं, तिथे वाजवणारं कुणी उरलेलंच नाही. बँडने हा विचार करून केलं की सवयीने, ते मला महत्त्वाचं नाही, ऐकताना ती जागा रिकामी असल्याचं जाणवतं.

हे तुमच्यापासून फार लांब नाही बरं का. त्या काळात लंडनच्या ट्रेझरीत आयरिश मदतीचा कारभार ज्याच्या हाती होता तो चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर, पुढे कलकत्त्यात अर्थखातं. बाजारात हात घालायचा नाही, फुकट खायला घातलं तर लोक आळशी होतात, ही तेव्हाची विचारपद्धत. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबाने मजुरी ठरवली ती त्याच मुशीतली, आणि तोच टेंपल लगेच मुंबईचा गव्हर्नर झाला. आयर्लंडमध्ये उपाशी माणसांकडून कुठेच न जाणारे रस्ते बांधून घेतले, ते अर्धवट रस्ते डोंगरांत अजून दिसतात. ज्यांच्या घरात खडी फोडायच्या कामांच्या आठवणी आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको.

अजून एक. तिकडे १८४५ ला पंतप्रधान पीलने अमेरिकेतून मका मागवला, लोकांना तो शिजवायचा कसा माहीत नाही, पोटं बिघडली, त्याला पील्स ब्रिमस्टोन म्हणजे पीलचं गंधक असं नाव पडलं. आपल्याकडे बहात्तरला अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आजी त्याच्या भाकरीबद्दल जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमचं गाणं बहात्तरवर आहे ना, मग ते इथून काढा. मिलो, सुकडी, खडी केंद्र, छावणीतली जनावरं, हजेरीचं मस्टर. तुमच्या तिसऱ्या कडव्यात "भेगाळलेली धरणी" आणि "आसुसलेलं आभाळ" आहे, प्रश्नासोबत पाठवलेल्या शब्दांत वाचलं, ते दोन्ही काढून टाका, ते कुठल्याही दुष्काळाला चालतं. मस्टरवर अंगठा उमटवणारी बाई फक्त त्याच दुष्काळाची आहे. आणि गावाचं नाव घ्या. मराठीत गायचं की इंग्लिशमध्ये यावर वाद चालू आहे म्हणालास, मराठीत गा, ओवीचा तोल सहा-आठमध्ये काय सुंदर बसतो ते दोन ओळी म्हणून बघा, ओळीच्या शेवटचा हेल पुढच्या आवर्तनात सांडू द्या, म्हणजे तुम्हाला तुमचा शान-नोस मिळेल आणि बासरीची गरजच उरणार नाही.

साउंडबद्दल पटकन. बिली अँडरसनने हा अल्बम चकचकीत केलेला नाही, गिटार खरखरीत, खोलीची हवा ऐकू येते, ड्रम्स खऱ्या ड्रम्ससारखे. यानंतरचा 'टू द नेमलेस डेड', २००७ चा, त्यांनी वेल्समधल्या फोएल स्टुडिओत टेपवर केला, तो जास्त मोठा आणि रुंद वाटतो, बरेच लोक त्यालाच त्यांचा सर्वोत्तम मानतात. मी नाही मानत, पण तुमच्या मिक्सला रेफरन्स म्हणून तो सोपा पडेल, 'गॅदरिंग' ची नक्कल करायला गेलात तर नुसता चिखल होईल. गेन तुम्हाला वाटतोय त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा. डाव्या गिटारला ड्रोन द्या आणि उजव्या गिटारला बदलणारे सूर, दोघांनी तेच वाजवलं तर भिंत होते आणि झुला मरतो. ड्रमचे सॅम्पल बदलून टाकू नका, प्रत्येक टॉमचा ठोका सारखा आला की ती लाट जाते. लांबी दहा मिनिटं ठेवायची असेल तर निदान अडीच-तीन मिनिटं काहीही "घडलं" नाही पाहिजे, तोच रिफ, फक्त टॉम्स वाढत जाणारे, आणि हे गिटारिस्टला सहन होत नाही, तो तिथे सोलो टाकतो. टाकू नको.

ऐकायचा क्रम विचारला होतास. 'द कॉफिन शिप्स' तू ऐकलंयसच, आता अल्बम पहिल्यापासून ऐक, तुकडे नको. मग 'टू द नेमलेस डेड'. मग मागे जाऊन २००० चा 'स्पिरिट द अर्थ अफ्लेम', त्यात तीच कल्पना कच्ची दिसते आणि कच्ची दिसते म्हणून शिकायला बरी. क्रूअखन मधे कधीतरी, तोंडाची चव बदलायला. मेल मोर्धा म्हणून अजून एक डब्लिनचा बँड आहे, त्यांनी डूममध्ये, म्हणजे संथ, जड मेटलमध्ये, व्हिसल वाजवलीय, आणि माझं वरचं सगळं व्हिसलविरोधी भाषण ऐकून घेतल्यावर ते ऐक, तिथे ती चालते, कारण ती चाल सजवायला नसून रिफच तिच्यातून निघालाय.

आणि डेमो करताना एक बारीक गोष्ट, सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिग्नेचर सहा-आठ केली की क्लिक बहुतेक वेळा प्रत्येक आठव्या नोटला पडतो, बारमध्ये सहा टिकटिक. त्याच्यावर वाजवलं की सगळे सहा ठोके सारखेच मोजायला लागतात. क्लिक डॉटेड क्वार्टरवर, म्हणजे तीन आठव्या नोटांना एक, असा लाव, बारमध्ये दोनच, आणि टेम्पो त्या हिशोबाने तीनने भाग, आठव्या नोटचा १८० असेल तर ६०. ड्रमर पहिल्या दिवशी शिव्या घालेल. डेमो झाला की ड्रम्स आणि बास एवढाच बाउन्स (एकत्र केलेली ऑडिओ फाइल) पाठव, गिटार नंतर ऐकतो.